एक म्हणतो सगळं बदला, दुसरा म्हणतो लेथ मारा

वाचकाचं पत्र: माझी गाडी सात वर्षांची आहे. काही आठवड्यांपासून वेगात असताना ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरतं आणि गाडी किंचित उजवीकडे ओढते. एरवी सरळ चालते. एका गॅरेजमध्ये दाखवली, तर मेकॅनिक म्हणाला, पुढचे पॅड, डिस्क, कॅलिपर सगळं बदला, मागचे शूसुद्धा. दुसऱ्या गॅरेजवाल्याने मोजून दाखवलं. पुढच्या डिस्कची जाडी २०.६ मि.मी. भरली आणि डिस्कवर किमान २० असं कोरलेलं आहे. तो म्हणतो, लेथ मारून (म्हणजे डिस्क यंत्रावर तासून सपाट करून) देतो, पॅड तेवढे नवे टाका, बाकी कशाला हात लावू नका. डाव्या चाकाचा आतला पॅड २ मि.मी. उरलाय आणि बाहेरचा ६, असंही तो जाता जाता बोलला. मागच्या शूचं लायनर, म्हणजे त्याच्यावरचा घासणारा थर, ३ मि.मी. आहे. बाबांचं म्हणणं, आम्ही लायनर मारून घ्यायचो आणि गाड्या वर्षानुवर्षं चालायच्या, हल्ली सगळे लुटतात. नवरा म्हणतो, ब्रेक लागतोय ना, मग पुढच्या सर्व्हिसिंगला बघू. मध्यंतरी ब्रेक ऑइल कमी झालं होतं, ते मी भरून घेतलं. कोणाचं ऐकू?

उत्तर:

थोडं पहिल्याचं, थोडं दुसऱ्याचं. नवऱ्याचं मात्र नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही अगदी ओझरती लिहिली आहे: एकाच चाकात आतला पॅड २ मि.मी. आणि बाहेरचा ६. पहिल्या मेकॅनिकने ‘कॅलिपर बदला’ असं सांगितलं ते बहुतेक यावरूनच, पण कारण सांगितलं नाही. दुसऱ्याने हाच आकडा स्वतः मोजला आणि सोडून दिला. हा आकडा तसाच ठेवून नवे पॅड टाकलेत, तर नवा आतला पॅडही याच वाटेने जाईल आणि तोही अर्ध्या आयुष्यात.

कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग. तुमच्या गाडीत पुढे सरकता कॅलिपर असणार, बहुतेक साध्या गाड्यांत तोच असतो. त्याला पिस्टन एकच, तोही आतल्या बाजूला. पेडल दाबलं की पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो, आणि त्या दाबाच्या उलट धक्क्याने कॅलिपरचं सगळं अंग दोन पिनांवरून सरकत बाहेरच्या पॅडला ओढून आणतं. म्हणजे बाहेरच्या पॅडचं काम सर्वस्वी त्या पिनांवर अवलंबून. पिनांवरची रबरी टोपी फाटली, आत पाणी आणि धूळ गेली, ग्रीस सुकलं की पिना जाम होतात. मग आतला पॅड एकटाच राबतो आणि बाहेरचा नुसता हजेरी लावतो.

आता तुमची दुसरी तक्रार याच्या शेजारी ठेवा: ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते, एरवी सरळ जाते. डावा ब्रेक पूर्ण ताकदीने लागत नसेल तर उजवा जास्त पकडतो आणि गाडी उजवीकडे जाते. डाव्या चाकाचा पिस्टन अडकून ब्रेक सुटतच नसता, तर ब्रेक न मारताही गाडी डावीकडे झुकली असती आणि थोडं चालवल्यावर डावी रिम उजवीपेक्षा स्पष्ट गरम लागली असती. (हे पाहायचं असेल तर तळवा रिमजवळ न्या, टेकवू नका. चटका चांगलाच बसतो.) त्यामुळे माझा संशय पिनांवर आहे. गाडी समोर नसताना याहून ठाम बोलणं बरोबर नाही, पण ही शंका खरी की खोटी ते गॅरेजमध्ये दहा मिनिटांत कळतं.

कसं, ते सांगतो. कॅलिपर सोडवल्यावर मेकॅनिकला दोन्ही पिना हाताने ओढून दाखवायला सांगा. चांगली पिन बोटांनी ओढली की गुळगुळीत बाहेर येते. जी पक्कड लावून, फिरवून, शिव्या घालून काढावी लागते ती दोषी. मग पिस्टन मागे ढकलून बघायचा. क्लॅम्पने एकसारखा, हळूहळू मागे जात असेल तर तो ठीक. जात नसेल तर ब्लीडिंगचा निपल (कॅलिपरमधलं तेल बाहेर काढायचं छोटं तोंड) थोडा सैल करून पुन्हा ढकलायचा. निपल उघडल्यावर सहज गेला, तर पिस्टनचा काही दोष नाही, त्याच्यामागचा रबरी होज आतून फुगून बंद झालाय. असा होज बाहेरून धडधाकट दिसतो. पायाच्या जोराने तेल पुढे जातं, पण परत यायला वाट मिळत नाही. होजची दुरुस्ती नसते, तो बदलायचाच आणि डावा-उजवा दोन्ही.

निपल उघडूनही पिस्टन हलला नाही तर त्याची रबरी टोपी उचलून आत बघा. पिस्टनवर किंवा सिलिंडरच्या भिंतीला गंजाचे खड्डे पडलेले असतील, तर कॅलिपर नवा घ्या. खड्ड्यांवर नवं सील बसवलं तरी ते काही दिवसांत कातरलं जातं आणि तेल गळू लागतं. पण भिंत स्वच्छ असेल, फक्त सील कडक झालं असेल किंवा टोपी फाटली असेल, तर रबर किट घालून कॅलिपर पुन्हा उभा राहतो. यात कसलीही तडजोड नाही, ही खरी दुरुस्ती आहे. आणि दोष फक्त पिनांचा निघाला तर एवढंही नको: पिना साफ करायच्या, खवले पडलेल्या असतील तर नव्या घालायच्या, टोप्या नव्या, आणि ब्रेकच्या पिनांसाठी मिळतं तेच ग्रीस. डब्यातलं साधं पिवळं ग्रीस चालत नाही. खनिज तेलाने ब्रेकमधलं रबर फुगतं, आणि आपण सोडवलेली पिन स्वतःच पुन्हा जाम करून ठेवतो.

म्हणून कॅलिपरच्या बाबतीत पहिल्या मेकॅनिकने घाई केली असं मला वाटतं. दोन्ही कॅलिपर नवे घेणं हा या यादीतला सगळ्यात महाग आणि बहुधा सगळ्यात अनावश्यक भाग आहे.

डिस्कच्या बाबतीत मात्र तोच बरोबर आहे, जरी मोजलं दुसऱ्याने असलं तरी.

डिस्कवर कोरलेला २० हा आकडा ‘इथपर्यंत लेथ मारा’ असं सांगत नाही. या जाडीला डिस्क टाकून द्यायची, असा त्याचा अर्थ. तुमच्याकडे शिल्लक आहे ०.६ मि.मी. लेथवर डिस्क सपाट करायची तर प्रत्येक बाजूने ०.२ ते ०.३ मि.मी. तरी काढावे लागतात, कडेला धार आली असेल किंवा चर खोल असतील तर जास्तच. दोन्ही बाजूंचे मिळून ०.४ ते ०.६. म्हणजे लेथवरून उतरलेली डिस्क २० ते २०.२ मि.मी. भरेल आणि पहिल्या काही महिन्यांतच मर्यादेखाली जाईल. वर नव्या पॅडचे पैसे गेलेले असतील, आणि डिस्क बदलताना पॅडही पुन्हा नवेच घालावे लागतील, कारण जुन्या डिस्कला रुळलेले पॅड नव्या डिस्कवर नीट बसत नाहीत. डिस्क २१.५ भरली असती तर मीच म्हणालो असतो, लेथ मारून घ्या. २०.६ ला नाही.

जाडीचा एवढा बाऊ कशाला, असं बाबा विचारतील. त्यांना हे सांगून बघा. बाराशे किलोची गाडी ताशी १०० कि.मी. वेगावरून थांबते तेव्हा ती सगळी गती उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती उष्णता सव्वा लिटरहून जास्त पाणी उकळीला आणायला पुरेशी असते. एका थांब्यात, काही सेकंदांत. त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्क पचवतात, कारण ब्रेक मारताच वजन पुढे झुकतं. डिस्क जितकी पातळ तितकं हे पोटात घ्यायला लोखंड कमी, तितकं तापमान जास्त. लांब उतारावर याचा हिशोब कळतो: पॅड तापून पकड सोडतात, तेल उकळायला लागतं आणि पेडल मऊ पडतं.

स्टीअरिंगच्या थरथरीबद्दल. ‘डिस्क वाकली’ असं सर्रास म्हटलं जातं, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. फिरताना तिची जाडी ठिकठिकाणी थोडी कमी-जास्त झालेली असते. हा फरक ०.०२ मि.मी. इतका लहान असला तरी हाताला जाणवतो. तो येतो कुठून? बरेचदा हबवरच्या गंजातून. डिस्क हबवर सपाट बसली नाही की फिरताना किंचित डुलते, प्रत्येक फेरीला त्याच जागी पॅडला घासते आणि काही हजार किलोमीटरमध्ये तिथे झिजते. चाकाचे नट हवेच्या गनने एक घट्ट, एक सैल असे आवळले तरी तेच होतं. म्हणून नवी डिस्क बसवण्याआधी हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत करून घ्या आणि त्या वेळी स्वतः उभ्या राहा. नट आधी हाताने, मग टॉर्क रेंचने, समोरासमोरचे असे आवळायचे. हे काम वगळलं तर नवी डिस्कही काही महिन्यांनी थरथरेल आणि खापर फुटेल डिस्कच्या कंपनीवर. नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो, तोही ब्रेक क्लीनरने पुसून घेतला पाहिजे. हे विसरणारे मेकॅनिक कमी नाहीत.

पॅड तर बदलायचेच. नवा पॅड साधारण १० ते १२ मि.मी. असतो, ३ मि.मी.ला तयारी करायची आणि २ ला बदलायचाच. तुमचे बाहेरचे ६ मि.मी. उरलेले पॅड वाचवायचा मोह होईल. नको. पॅड एका ॲक्सलचे चारही एकदम, डिस्कही डावी-उजवी जोडीने. एका बाजूची पकड वेगळी झाली की गाडी ओढणार, आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारताना ते सगळ्यात वाईट. पॅड घेताना तुमच्या गाडीचा पार्ट नंबर जुळवून घ्या. पाठीच्या पत्र्यावर वर्तुळात ‘ई’ आणि आकडे असतील तर तो संयुक्त राष्ट्रांच्या ९० क्रमांकाच्या नियमाखाली तपासलेला सुटा भाग आहे. मूळ कंपनीचाच हवा असा माझा हट्ट नाही, पण खोक्यावर बनवणाऱ्याचं नावच नसलेला पॅड कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. पॅडला पॉलिश पेपर मारून वापरा, असं कोणी सुचवलं तर ते फक्त चकाकी आलेल्या, भरपूर जाडीच्या, कोरड्या पॅडला लागू आहे. तेल प्यायलेला पॅड किंवा शू कशानेही सुधारत नाही.

मागच्या ड्रमला आतून घासणारे शू राहू द्या. ३ मि.मी. लायनर म्हणजे अजून बराच जीव आहे, बहुतेक गाड्यांत मर्यादा १ ते १.५ मि.मी.च्या आसपास असते. मागचा ब्रेक पुढच्याच्या मानाने कमी राबतो, त्यामुळे ते झिजतात हळू. ड्रम उघडलेलाच आहे तर दोन गोष्टी बघून घ्या. शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरची रबरी टोपी अलगद उचलायची: आत कोरडं असेल तर ठीक, ओलं असेल तर सिलिंडर बदला. इथे मी किट घालायला सांगत नाही, कारण अख्खा सिलिंडर कॅलिपरच्या मानाने इतका स्वस्त असतो की त्याच्या दुरुस्तीची मजुरीच परवडत नाही. दुसरं, ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, तो मोजमापाशी ताडून बघायचा. डिस्क झिजून पातळ होते तसा ड्रम झिजून आतून मोठा होतो, म्हणून तिथे किमान नसतं, कमाल असते.

बाबांचं म्हणणं खोटं नाही. शूवरचं जुनं लायनर काढून नवं रिव्हेटने ठोकून घेणं ही खरोखर चालणारी रीत होती आणि जड गाड्यांत ती आजही आहे. तेव्हाचे ड्रम जाड असत, वेग कमी असत. पण तुमच्या पुढच्या पॅडमध्ये घर्षणाचं मटेरियल पत्र्याला साच्यात, उष्णता आणि दाब देऊन चिकटवलेलं असतं. ते गल्लीतल्या कारागिराने पुन्हा चिकटवणं म्हणजे जोरात ब्रेक मारताना सुटून येण्याची सोय. एक गोष्ट बाबांना जरूर सांगा: त्या काळच्या लायनरमध्ये बरेचदा ॲस्बेस्टॉस असे आणि ती धूळ फुंकून साफ केली जाई. आजही ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने किंवा क्लीनरने पुसायला सांगा.

ब्रेक ऑइल तुम्ही भरून घेतलंत, ते मात्र थोडं गैरसोयीचं झालं. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्यामागची जागा भरायला टाकीतलं तेल खाली जातं. पातळी हळूहळू उतरणं हे झिजेचंच लक्षण होतं. आता नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलले की ते जास्तीचं तेल टाकीतून उतू जाईल, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. मेकॅनिकला आधीच सांगा की टाकी भरलेली आहे, पिचकारीने थोडं काढून घे. पातळी एकाएकी उतरली असेल तर गोष्ट वेगळी, मग गळती शोधायला हवी.

त्यापेक्षा सगळंच तेल बदलून घ्या. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं तेल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. साधारण दर दोन वर्षांनी बदलावं असं बऱ्याच कंपन्या सांगतात. टाकीच्या झाकणावर जी प्रत लिहिली असेल तीच वापरा. सिलिकॉनचं डॉट ५ नाव सारखं वाटतं म्हणून चुकूनही घालू नका.

नवऱ्याला काय सांगायचं? ब्रेक ‘लागतोय’ हे खरंच आहे. २ मि.मी.चा पॅडही लागतो, १ चाही लागतो, आणि मटेरियल संपल्यावर पत्राही डिस्कला घासून गाडी थांबवतो, फक्त फार लांब जाऊन. बऱ्याच पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते, जी मटेरियल संपत आलं की डिस्कला लागून कर्कश आवाज करते. पण ती अनेकदा एकाच पॅडला असते. तुमच्या चाकात ती बाहेरच्या, ६ मि.मी.च्या पॅडला असेल तर ती बराच काळ गप्पच बसणार. म्हणून या आठवड्यातच काम करून घ्या आणि तोवर वेगाचा रस्ता, लांब उतार आणि भरलेली गाडी टाळा. लोखंड घासल्याचा आवाज आला, पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं किंवा ब्रेकचा लाल दिवा लागला, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, उचलून न्या.

काम कोणाकडे द्यायचं? मी दुसऱ्याकडे देईन. त्याचा निष्कर्ष चुकला, पण त्याने मोजलं आणि आकडे तुमच्यासमोर ठेवले. अशा माणसाशी बोलता येतं. त्याला सांगा: पुढे डिस्क आणि पॅड नवे, कॅलिपर खोलून पिना आणि पिस्टन मला दाखव, मग ठरवू. जुने सुटे भाग परत मागा. गाडी ताब्यात घेतल्यावर जागेवरून हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत पंप करायचं. मागे ढकललेले पिस्टन पॅडपर्यंत यायला काही दाब लागतात, आणि पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जातं. गॅरेजच्या दारातच भिंतीला गाडी लागते ती यामुळे.

मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मध्ये अर्धा मिनिट हवा लागू द्या. पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका, तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि थरथर तिथूनच परत सुरू होते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर विनाकारण जोराचा ब्रेक नको.

हजारेक किलोमीटर झाले की डावं चाक पुन्हा उघडून आतला आणि बाहेरचा पॅड मोजून घ्या. दोन्ही सारखे असले तर विषय संपला. आतला पुन्हा पुढे पळत असेल, तर पिना मोकळ्या करूनही कॅलिपर सरकत नाहीये किंवा पिस्टन परत येत नाहीये. मग डावा कॅलिपर नवा टाका. उजव्याची झीज समान असेल तर तो बदलायची गरज नाही, पॅडसारखा जोडीचा नियम कॅलिपरला लावायचं कारण नाही.